वृंदावनाचे दगड

निबंध, पहिला परिच्छेद. रोमन गेले, त्यांच्या इमारती उरल्या. नंतरच्या लोकांना वाटलं, एवढं काम राक्षसांचंच. मग त्याच भिंतींतले दगड उपसून त्यांनी चर्चं बांधली.

सिद्धी अंगणात बसून आरोहाला हे वाचून दाखवत होती. दोघी युनिव्हर्सिटीत एकाच वर्गात; सिद्धी इथे येऊन स्थायिक झालेल्या मराठी घरातली, आरोहा या देशाच्या मूळ रहिवाशांतली. सिद्धीचे बाबा, चंद्रशेखर, चहा घेऊन आले आणि ऐकत उभे राहिले.

"आमच्याकडे राक्षस नाहीत, पांडव," ते आरोहाला इंग्रजीत म्हणाले. "कुठलंही लेणं घे, पांडवांनी एका रात्रीत खोदलेलं."

"म्हणजे मालक कुणीच नाही?"

"करेक्ट! पांडव थोडेच परत मागायला येतात?"

तिघेही हसले.

बाबांना चेव आला. त्यांनी तुळशीवृंदावनावर थाप मारली. "हे मी रचलंय. लाव्हाचे दगड. मनुरेवा उपनगराच्या पलीकडे एका कुरणात पडले होते. हीप्स. फुकट."

आरोहाचं हसू थांबलं.

"पडले होते, की रांगेत होते?"

निबंध, तोच परिच्छेद, सिद्धीने नंतर खोडून पुन्हा सुरू केलेला, अर्धवट. दगड उपसणाऱ्यांना…

रांगेत होते. गुडघाभर उंच, लांबच लांब. डिकी भरायला सिद्धीही गेली होती. "बाबा, हू बिल्ट धिस?" असं तिने विचारलंही होतं. "असेल कुणीतरी जुनं," ते म्हणाले होते. तेवढं तिला पुरलं होतं.

"आमच्या लोकांचे मळे होते तिथे," आरोहा म्हणाली. "रताळ्यांचे. दगड उन्हाची ऊब रात्रीपर्यंत धरून ठेवतात." आवाज अजिबात चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

आई, अनुराधा, दारात आली होती. "अहो, पण तुळशीचं लग्न लावलंय त्याच्यावर! आता हात कसा..." मग तिनेच तुळशीची कुंडी उचलून खाली ठेवली.

कुरणात, त्याच दुपारी, सुट्या केलेल्या वृंदावनाचे दगड परत घेऊन. भिंतीला पडलेलं खिंडार बाबांच्याच वृंदावनाएवढं होतं. दगड हातात फिरवत ते वाकले. कुठलाच कुठे बसेना. एकाच्या भोकांत कुंकू शिरलं होतं. त्यांनी रुमालाने चोळलं, ते आणखी आत गेलं. मग लाल बाजू आतल्या अंगाला करून त्यांनी तो खिंडारात सरकवला.

आरोहाने पाहिलं. सिद्धीनेही.

"बाबा, काढा तो," सिद्धी म्हणाली. मराठीत. "आधी विचारा तिला."

त्यांनी दगड काढला. मान वर न करता विचारलं, "आरोहा, कुठे ठेवू?"

"मला नाही माहीत. आजीला विचारते."

ती फोन घेऊन लांब गेली. बाबा दगड दोन्ही हातांत धरून उभे राहिले. लाल बाजू वर होती.