खड्ड्यावरचा महिला बाजार

लढाई संपली आणि आमच्या गावात खुर्च्या आल्या. आम्हाला वाटलं होतं आधी पाणी येईल, मग वीज, मग निदान शाळेच्या छपराला पत्रे. पण नाही, खुर्च्या आल्या. निळ्या, प्लास्टिकच्या, पाठीवर मदत करणाऱ्या संस्थेचा शिक्का मारलेल्या. त्या शाळेच्या हॉलमध्ये गोल मांडायच्या आणि आम्ही बायकांनी त्यांवर बसून स्वतःचा हरवलेला आवाज शोधायचा, असा कार्यक्रम होता. माझा आवाज हरवलाय हे मला त्या दिवशीच कळलं. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, म्हणतील, हरवला असता तर बरं झालं असतं.

खुर्च्यांबरोबर राजधानीहून ज्या बाई आल्या त्यांचं नाव आम्ही वर्तुळबाई ठेवलं. तशा चांगल्या होत्या बिचाऱ्या. आमच्याशी बोलताना मान तिरकी करायच्या, मध्येच स्वतःच्या छातीवर हात ठेवायच्या. तुमच्या प्रत्येकीच्या आत एक नेता झोपलेला आहे, असं त्यांचं म्हणणं. माझ्या शेजारी बसलेली नर्स पुटपुटली, झोपू दे की मेल्याला, एकाला तरी झोप लागतेय. या नर्सने लढाईत पट्ट्या संपल्यावर दवाखान्याचे पडदे फाडून जखमा बांधल्या होत्या. तिला आता निर्णय कसा घ्यावा हे रंगीत कागदांवर शिकवत होते. मी शिवणकाम करते. जुन्या पांघरुणांचे कोट शिवून गल्लीतली पोरं मी थंडीत जगवली, तर मला आत्मविश्वासाचं प्रमाणपत्र मिळालं. मशीनच्या वरच्या भिंतीवर लावलंय. तिथली ओल झाकली जाते.

आता खड्ड्याबद्दल सांगते. गावाच्या टोकाला वीटभट्टी आहे आणि तिच्या मागे माती काढून काढून झालेला मोठा थोरला खड्डा. लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात एका सकाळी गणवेशातली माणसं आली, आमच्या गल्लीत जे जे पुरुष घरी सापडले त्यांना गोळा केलं आणि भट्टीकडे घेऊन गेली. परत कुणी आलं नाही. संध्याकाळपर्यंत खड्डा अर्धा भरलेला होता. यात न कळण्यासारखं काय आहे? पण पुढे तह झाला, मोठ्या लोकांनी एकमेकांना हार घातले, आणि ठरलं की आमचे पुरुष बेपत्ता आहेत. मग कुणीतरी म्हणालं, परदेशात गेले असतील कामाला. हो ना, अनवाणीच गेले. पण ऐकायला बरं वाटायचं. नर्स तर ठामपणे सांगायची की तिचा मुलगा परदेशात आहे आणि तिथलं टपाल फार वाईट आहे. आम्हीही विचारायचो, आलं का गं पत्र? आपलं काय जातंय विचारायला.

त्या सकाळी माझे मोठे दीरही गेले. आमचे हे भट्टीचा ट्रॅक्टर चालवतात. ते त्या दिवशी विटा पोचवायला शेजारच्या गावी गेले होते म्हणून वाचले. तेव्हापासून जाऊबाई आमच्याकडेच राहतात. त्या मुक्या नाहीत, पण बोलणं त्यांनी बेताचं केलंय. भाजी झाली, इस्त्री तापली, पोराला ताप आहे, एवढंच. मी शिवायचं, त्यांनी इस्त्री करायची, असं आमचं चालतं, आणि खरं सांगायचं तर दोघींचं बोलणं मी एकटी पुरवते. दुपारी काम आटपलं की त्या भट्टीच्या कुंपणापाशी जाऊन उभ्या राहायच्या. आमच्या घरात त्यांनी आजवर एकच गोष्ट मागितली. खड्डा उकरून त्यांना बाहेर काढा, मला त्यांना नीट पुरायचंय, असं त्या एकदा जेवताना ह्यांना म्हणाल्या. हे म्हणाले, वहिनी, झालं ते झालं, आणि भाजी वाढून घेतली.

मग संस्थेचा निधी मंजूर झाला. गावाची पुनर्बांधणी समिती होती, तिचा अध्यक्ष अर्थातच भट्टीवाला. लढाईत दोन्ही बाजूंना विटा विकलेला माणूस, त्याच्याइतका निःपक्षपाती दुसरा कोण मिळणार? त्याने मोठ्या मनाने आपला खड्डा देऊ केला. खड्डा भरून सपाट करायचा आणि त्यावर गाळे बांधायचे, फक्त बायकांसाठी. महिला बाजार! वर्तुळबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एक पुरुष आपली जमीन बायकांना देतोय, हे त्यांच्या अहवालात फार छान दिसणार होतं. जमिनीत काय आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांच्या रंगीत कागदांवर तो प्रश्न नव्हता.

मला कोपऱ्यावरचा गाळा मिळणार होता. खोटं कशाला बोलू, मला तो हवा होता. दोन्ही बाजूंनी उजेड, मशीन लावायला जागा, घरातल्या ओलीतून सुटका. खाली काय आहे ते मला माहीत होतं आणि तरी दाराला कुठल्या रंगाचा पडदा लावायचा ते मी ठरवून ठेवलं होतं. गल्लीतल्या सगळ्याच बायकांचं तसं झालं होतं. पोटाला लागतंच की. जाऊबाईंसमोर गाळ्याचा विषय निघाला की आम्ही एकदम हवापाण्याचं बोलायला लागायचो.

निधीला एक अट होती. समितीत एक तरी बाई हवी. झालं, समितीची पंचाईत झाली. नर्सचं नाव निघालं, पण ती प्रश्न विचारते म्हणून बाद. माझं नाव निघाल्यावर तर आमचे हेच, तेही समितीत होते, उभे राहून नको म्हणाले. घरी ऐकतोय तेवढं पुरे आहे, असं भर बैठकीत सांगून टाळ्या मिळवून आले. शेवटी सगळ्यांचं जाऊबाईंवर एकमत झालं. त्या बोलत नाहीत, याहून चांगली लायकी कोणती?

समितीची कामाची एक पद्धत होती. भट्टीवाला ठराव वाचायचा, चष्म्यावरून एक नजर फिरवायचा, "हरकत?" म्हणायचा, आणि कुणी काही बोललं नाही की लगेच "मंजूर". खोकला झालेल्या सभासदांनी बैठकीला येऊ नये, अशी प्रथाच पडली होती. जाऊबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायच्या, चहा घ्यायच्या, आणि त्यांच्या साक्षीने भराभर ठराव मंजूर व्हायचे. रस्ता मंजूर, नळ मंजूर, भट्टीवाल्याच्या मेहुण्याला नळाचं कंत्राट मंजूर. हे घरी येऊन कौतुकाने सांगायचे, वहिनींमुळे कामं कशी झपाझप होतात.

एकदा वर्तुळबाई आम्हा बायकांना घेऊन स्वतः बैठक बघायला आल्या आणि त्यांनी हा प्रकार पाहिला. भडकल्याच. त्यांची मान पहिल्यांदाच सरळ झालेली मी पाहिली. बाईच्या गप्प बसण्याला होकार समजणं बंद करा, असं त्यांनी समितीला सुनावलं. यापुढे बाईने स्वतः हात वर केला तरच ठराव खरा, नाहीतर निधी थांबणार, वर राजधानीला कळवणार. समितीने एका आवाजात मान्य केलं. भट्टीवाला म्हणाला, एक काय, आमच्या वहिनी दोन्ही हात वर करतील. वर्तुळबाईंनी आम्हा सगळ्यांना मिठ्या मारल्या. त्यांचाच बाजार त्या स्वतःच्या हाताने मोडत होत्या, पण ते त्यांना कुठून कळणार?

पुढचे काही दिवस आमच्या घरात जेवणाच्या वेळी तालीम चालायची. हे हातात पावाचा तुकडा धरून हात वर करून दाखवायचे. "हे बघा वहिनी, अध्यक्षांनी विचारलं की एवढंच. खांद्याच्या वर गेला पाहिजे." जाऊबाई नीट बघायच्या आणि ह्यांच्या ताटात आणखी भाजी वाढायच्या. हे मला म्हणाले, बघ, जमलं त्यांना.

खड्डा भरायचा ठराव होता त्या दिवशी शाळेचा हॉल खच्चून भरला. गाळे मिळणाऱ्या बायका सगळ्या आल्या होत्या, बऱ्याचजणी मागे भिंतीला टेकून उभ्या. बाहेर भरावाने भरलेला ट्रक इंजिन चालू ठेवून थांबला होता, कारण मंजुरी मिळताच काम सुरू, असा भट्टीवाल्याचा झपाटा. वर्तुळबाई कॅमेरा घेऊन पुढे बसल्या होत्या. भट्टीवाल्याने ठराव वाचला, नजर फिरवली, हरकत विचारली. मग मोठ्या आदराने जाऊबाईंकडे वळला.

जाऊबाईंचे हात मांडीवर होते. ते तिथेच राहिले.

सगळे थांबले. वर्तुळबाई उत्साहाने म्हणाल्या, घाई करू नका, त्यांना त्यांचा वेळ घेऊ द्या. त्यांनी वेळ घेतला. ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं. मागून बायका कुजबुजायला लागल्या, आणि त्यात मी होते. मी पुढे झुकून त्यांच्या पाठीला बोट लावलं आणि म्हटलं, जाऊबाई, हात. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला तिथल्या तिथे लाज वाटली.

वर्तुळबाईंनी विचारलं, तुमच्या मनात काय आहे ते आम्हाला सांगाल का?

"आधी उकरा," जाऊबाई म्हणाल्या. "मग बांधा."

भट्टीवाला हसला. तिथे कचऱ्याशिवाय काय आहे उकरायला, असं म्हणून त्याने आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. घरची बाई घरच्याने आवरावी, हा त्याचा अर्थ. हे उठले. वहिनींच्या पुढ्यात उकिडवे बसले. आणि घरी पोराला समजावतात ना, त्या हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, तुम्ही उगाच जिवाला लावून घेताय. दादा गाळ्यांच्या खाली येतच नाही. तो धुराड्याच्या बाजूला आहे, तिथे मोकळं अंगण सोडणार आहेत. मी नकाशा बघितलाय. दादावर कुणी काही बांधणार नाही."

अगदी मायेने बोलले हो. वहिनींना बरं वाटावं म्हणून बोलले. आपण काय बोललो हे हॉलमध्ये सगळ्यात शेवटी त्यांनाच कळलं.

भट्टीवाल्याने चष्मा काढला. वर्तुळबाई एकदा ह्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे बघत राहिल्या. हे तसेच बसल्या बसल्या म्हणाले, "मी फक्त माती लोटली. पाठीला बंदूक होती. मी फक्त ट्रॅक्टर चालवला."

फक्त म्हणे. शेजारच्या गावी विटा पोचवायला गेलेला माझा नवरा! मी किती जणींना ती गोष्ट सांगितली होती, नशिबाने वाचले म्हणून. आणि हा माणूस भावाला मातीखाली घालून घरी आला, हातपाय धुतले, आणि तेव्हापासून रोज त्याच भावाच्या बायकोच्या हातचं जेवतोय. भट्टीवर काही कळलं का, असं त्या सुरुवातीला विचारायच्या तेव्हा नाही म्हणायचा. मला त्याचा भयंकर संताप आला. मग पाठीला लावलेली ती बंदूक डोळ्यांपुढे आली आणि कीव आली, आणि कीव आली म्हणून पुन्हा संताप आला. माझं तोंड कधी बंद पडत नाही, ते पडलं.

जाऊबाईंनी डोळे मिटले नाहीत, रडल्या नाहीत. धुराड्याच्या बाजूला, एवढं त्यांनी एकदा स्वतःशीच म्हटलं. मग ह्यांच्याकडे पाहिलं.

"आणि बाकीचे?"

हे माझ्याकडे वळले. ती नजर मला चांगली ओळखीची. दुकानदाराशी भांडायचं असो, डॉक्टरला विचारायचं असो, नातेवाइकांना नाही म्हणायचं असो, लग्न झाल्यापासून ह्यांच्या वतीने मीच बोलते. आता काहीतरी बोल आणि सोडव, असं ते मागत होते.

"माझ्याकडे काय बघताय?" मी म्हटलं. "त्यांनी तुम्हाला विचारलंय. सांगा."

भट्टीवाला सभा संपली म्हणून उठला. दारात बायका उभ्या होत्या, त्या हलल्या नाहीत, म्हणून तो परत बसला.

आणि ह्यांनी सांगितलं. मान वर न करता, गल्लीच्या तोंडापासून सुरुवात करून, एकेक घर घेत. चांभाराचं घर, तो भट्टीच्या भिंतीला लागून. मास्तरांचं घर, बापलेक दोघे एकाच जागी. त्याच्या पलीकडे सुतार. ज्या घराचं सांगून होई त्या घरची बाई मागे भिंतीला टेकलेली असे, ती खाली बसे. कुणी मोठ्याने रडलं नाही, कारण पुढचीला ऐकू यायला हवं होतं. वर्तुळबाईंनी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि त्याही खाली, आमच्यात, जमिनीवर येऊन बसल्या. त्यांना त्याबद्दल मी कधी नावं ठेवणार नाही.

नर्सचं घर गल्लीच्या अगदी टोकाला. सगळ्या बसल्या तरी ती उभी होती. हात पुसल्यासारखे एकमेकांवर चोळत होती. हे तिच्या घरापाशी आले आणि थांबले.

"बोल भाऊ," ती म्हणाली. "मी ऐकतेय."