भय्याजींची सोबत

“औषध थांबवून तीन महिने झाले, सत्यभामाबाई. रक्तात विषाणू कुठंच सापडला नाही,” डॉक्टर रश्मी म्हणाल्या. “तुम्ही बऱ्या झालात.”

सत्यभामा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. “पक्कं न, म्याडम? मांगं गोळ्या खाल्ल्या, तवा पुन्हा उलटलं होतं.”

“या वेळी पक्कं.”

थोरल्या मुलीच्या जन्मावेळी तिला चढवलेल्या रक्तातून हिपॅटायटिस सी तिच्या अंगात शिरला होता आणि वर्षानुवर्षं यकृत पोखरत राहिला होता. पहिला उपचार फसला तशा करडी गावातल्या, तिच्यासोबत धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बायका तिच्या गडव्यातलं पाणी प्यायच्या बंद झाल्या. पाण्यातून हा रोग लागत नाही, हे सांगून सांगून ती थकली. नागपूरच्या या दवाखान्यात अशाच रोग्यांवर दोन-तीन औषधं एकत्र देऊन बघायची चाचणी सुरू झाली, तेव्हा ती दारापर्यंत येऊन माघारी वळली होती. बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं तिला हटकलं होतं. ते भय्याजी. गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलेले, तिथंच मासे धरून जगणारे.

“काहून चालली, बाई?”

“एकदा हारली न, भाऊ. पुन्हा कायले?”

“मी बी हारलोच हावो. जाळं रिकामं निघालं म्हणून कोणी जाळं जाळते का?”

ती बसली. पुढं गोळ्यांनी मळमळायचं, डोकं धरायचं, तेव्हा संध्याकाळी भय्याजींचा फोन यायचा. “घेतली का गोळी? सोडू नोको.”

आज ती बाहेर आली तर ते बाकावरच होते. त्यांचा नंबर तिच्या आधी लागला होता.

“काय झालं तुह्यं?”

“गेलं म्हनते.”

भय्याजींनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. “लय भलं झालं, माय.”

“अन् तुमचं?”

“माह्यं परतून आलं.”

तिला रडू फुटलं. “तुमीच बसवलं होतं मले इथं.”

“मंग? चुकलं का माह्यं?”

तेवढ्यात डॉक्टर रश्मी बाहेर आल्या. भय्याजींजवळ बसून हळूच म्हणाल्या, “भय्याजी, आणखी थोडं रक्त दिलंत, तर हे औषध काहींना का लागू पडत नाही ते शोधता येईल. नाही म्हणालात तरी तुमचा इलाज थांबणार नाही.”

“घ्या न, म्याडम. माह्या कामी नाई आलं, तं दुसऱ्या कोनाच्या येईन.”

दारात चपला काढून, सदऱ्याची बाही वर सारत ते आत गेले.

गावाकडे जायच्या भंडाऱ्याच्या बसची वेळ झाली होती. सत्यभामा उठली, पण फाटकाकडे गेली नाही. तिनं वाकून त्यांच्या झिजलेल्या चपला उचलल्या, बाहेर येताना सरळ पायात घालता याव्यात अशा फिरवून ठेवल्या, आणि बाकावर येऊन बसली.