राखण वाढते तेव्हा

डब्याची झाकणी खळकन हलली आणि दुपारच्या सामसुमीत हर्षदाच्या घरातला एकोणिसावा वॉचमन तूरडाळीतून बाहेर आला. त्यानं खाकी सदरा झटकला, टोपी सारखी केली आणि आधीच्या अठरांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

पहिला आला तो शिमग्याच्या आसपास. तिच्या डाव्या काखेत चिंचोक्याएवढी गाठ हाताला लागली होती. दुखत नव्हती, म्हणून तिनं ती सोडून दिली. दुसऱ्या दिवशी दाराच्या आत स्टुलावर हा बसलेला. कोणी नेमलं, असं विचारलं तर म्हणाला, तुम्हीच, ताई. सासूबाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही. घराला राखण असलेली बरी, असं म्हणत त्यांनी त्याला चहा दिला, वर पोळीचा लाडू. दारी आलेल्याला कोरडं बसवायची त्यांची रीतच नव्हती. लाडू खाऊन तो एकाचा दोन झाला. तिन्ही खोल्या भरल्या त्या आठवड्यात हर्षदाच्या मानेलाही गाठ लागली.

तिला संशय आला तो त्यांच्या कामावरून. सर्दी जिना चढून आली, पदरानं नाक पुसत. तिला एकानंही हटकलं नाही, उलट स्टूल दिलं. मागोमाग ताप आला, तो चपलांसकट पलंगावर. बालवाडीतून चार वर्षांची इरा आली तेव्हा मात्र सगळी दांडकी आडवी झाली. नाव काय, कोणाकडे जायचंय, घरातलं कोण ओळखतं. पोर रडवेली होऊन उंबऱ्याबाहेर उभी.

तेव्हा हर्षदानं त्या एकोणिसाव्याची घडी घातली, त्याला जेवणाच्या डब्यात बसवलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी त्याचे पातळ काप केले, काचेवर ठेवले, भिंगाला डोळा लावला. एका कापानं सलाम केला.

"हा चोर नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्याच हाडांत जन्मला, राखणीसाठीच. राखण विसरलाय, वाढायचं तेवढं लक्षात आहे. इतक्या वर्षांत असं मी दोनच घरी पाहिलंय."

"मग बिघडलेले तेवढे काढा."

"औषधाला चेहरे कळत नाहीत. जे भराभर वाढतं ते निघतं, त्यात चांगलेही जातील. मग काही दिवस घर उघडं. लेकीलासुद्धा जवळ घ्यायचं नाही."

ती परतली तेव्हा ते चोवीस झाले होते. तिनं सगळ्यांना ओळीत बसवून विचारलं, इराला झोपताना काय लागतं? एखादा तरी चुकेल, तोच बिघडलेला, असा तिचा हिशोब. आईच्या कानाची पाळी, चोवीसही जण म्हणाले. हे तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. मग तिला लाडवांचा संशय आला, डाळीचा आला, आणि गाठ सोडून देणाऱ्या स्वतःच्या हाताचा.

सोमवारी सकाळी दंडात औषधाची सुई गेली. घरी येऊन तिनं दार सताड उघडलं. सासूबाई आड येतील असं तिला वाटलं होतं, पण त्या खुर्चीतूनच म्हणाल्या, "जाऊ देत मेले. एवढे चहा ढोसले, एकानं कप विसळला नाही."

वॉचमन एकामागून एक निघाले. सातव्यानं टोपी घातली, तिच्यासोबत हर्षदाचे केस गेले. नववा गेला तेव्हा फरशीवरची तिची सावली फिकी झाली. दहाव्यानं जाता जाता तिच्या जिभेवरची चव खिशात घातली. यातले चांगले कोण, ते ती पाठीवरून ओळखू पाहत होती. पाठी सगळ्या सारख्याच.

बाराव्यानं उंबरा ओलांडायला पाय उचलला. त्याला वाट देत इरा जिन्याच्या कठड्याला चिकटून उभी होती. तिनं खाली जाणारी रांग पाहिली, मग आईकडे पाहिलं.

"आई, हे सगळे गेले की तू राहशील ना?"