सगळ्यात जड फाईल

"ऐकजा होऽ मेडशीचे मायबाप! हातचं काम हाती ठेवा, शिवारातला नांगर शिवारात ठेवा… नारायण माळी गेला होऽ, त्याच्या दारी चला!"

हरिसिंग कोतवालाचा हा आवाज ऐकला तेव्हा भगवंतराव आठ वर्षांचे होते. नाल्याच्या काठाला बोरं वेचत होते. आधी डफड्यावर टिपरू पडलं, मग आवाज आला, आणि त्या आवाजात बापाचं नाव आलं. घरच्या कोणी सांगायच्या आधी गावानं सांगितलं. सदऱ्याच्या ओच्यात बोरं तशीच धरून ते घरी पळत गेले होते. तेव्हापासून एक गोष्ट त्यांच्या मनात बाभळीच्या काट्यासारखी मोडून राहिली. माणसाचं नाव एकदा असं हाळीत गेलं, की माणूस घरात उरत नाही.

पुढं मेडशी सुटली. आई त्यांना घेऊन मंगरूळपीरला भावाच्या आधाराला आली, आणि शहराबाहेरच्या मळ्यात वांगी, मेथी, कोथिंबिरीच्या संगतीनं भगवंतराव वाढले, म्हातारपणाला लागले. दवंडी कधीच बंद पडली. आता माणूस सकाळी गेला तर दुपारी चौकात त्याचा बोर्ड लागतो, पंधरा बाय दहा फुटांचा, झेंडूच्या माळेतून हसणारा. आणि नशिबाची गंमत अशी, की बोर्ड बनवणं हाच त्यांच्या लेकीचा धंदा निघाला.

रुचिका चोवीस वर्षांची. छापखान्याचा मालक फोनवर फोटो आणि नावं धाडायचा, ती घरी बसून बोर्ड सजवायची आणि परत धाडायची. पोरीच्या बोटांत रंग होता, गावात नाव झालं होतं. भगवंतरावांची एकच अट होती. "लग्नाचे कर, वाढदिवसाचे कर, पुढाऱ्यायचे कर. मेलेल्या मानसाचा बोर्ड माह्या घरात बनला नाई पायजे." रुचिकानं ती अट पाळली होती. असं भगवंतराव समजून होते.

पण लॅपटॉप थकला होता. मुळात तो दुसऱ्या कोणाच्या हातचा. बिजागरी तुटलेली, म्हणून पडद्याच्या पाठीला पाट्यावरचा वरवंटा टेकवून ठेवायचा. तिच्या आईला, कस्तुराबाईंना, चटणी वाटायची झाली की पोरीचं काम थांबायचं. पंखा मळणीयंत्रासारखा घरघरायचा. मोठा बोर्ड घेतला की पडदा गोठून जायचा. शेवटी छापखान्याचा मालक म्हणाला, "ताई, आणखी एकदा काम अडकलं तर मी वाशीमच्या पोट्ट्याले देतो. लग्नसराई तोंडावर आहे."

"मशीन नाही तं काम नाही, बाबा," रुचिका म्हणाली होती. "अन् काम नाही तं मी काय करू? येनाऱ्या पाहुन्यायसाठी पोहे परतू?"

भगवंतराव हो म्हणाले. पण तो हो कच्च्या टमाट्यासारखा होता, वरून लाल आणि देठाशी हिरवा. दुकानात पाहू, असं ते स्वतःशी म्हणाले. मन नाही मानलं तर तसंच परत यायचं.

दर्ग्याच्या रस्त्याला तौसीफचं कॉम्प्युटरचं दुकान. तिघंही जण भर बाजाराच्या वेळेला तिथं पोचले. तौसीफनं खुर्च्या पुसल्या, चहा सांगितला आणि टेबलावर दोन डेस्कटॉप शेजारी शेजारी चालू करून ठेवले.

"हे धूड घरात कुठी ठेवाव?" कस्तुराबाईंनी विचारलं. "नवा लॅपटॉपच देऊन टाक न बावा."

"चाची, लॅपटॉप म्हंजे स्कूटी," तौसीफ म्हणाला. "ताईच्या कामाले ट्रॅक्टर लागते."

"ट्रॅक्टर कोनी घरात ठेवते काय?"

"आई, तुहा वरवंटा तुले वापस भेटते," रुचिका म्हणाली.

कस्तुराबाईंनी क्षणभर विचार केला. "मंग घ्या ट्रॅक्टर."

भगवंतराव दोन्ही यंत्रांभोवती फिरून आले. वांगं देठावरून कळतं. टरबूज थापटून कळतं. "याले कुठी थापटाव?" ते म्हणाले.

"थापटायचं नाही काका, वझं टाकायचं. बैल कसा पारखता तुमी? ताईच्या कामातली सगळ्यात जड फाईल दोघायवर चढवतो. जो दमला नाही तो तुमचा."

हे भगवंतरावांना पटलं. रुचिकानं आदल्या दिवशी सगळा लॅपटॉप एका हार्ड डिस्कमध्ये उतरवून ठेवला होता, म्हातारं घर पडायच्या आधी माणसं भांडीकुंडी बाहेर काढतात तसा. डिस्क तिनं तौसीफच्या हाती दिली, तेवढ्यात छापखान्याचा फोन आला आणि ती बोलत बोलत दुकानाच्या पायरीवर गेली.

तौसीफनं फायली वजनानं लावल्या. "माशाअल्ला! हे पाहा, काका. दोन वर्सांपयलेची आहे, पन हिच्यासारखी जड दुसरी नाही."

डावीकडचा डेस्कटॉप विचार करत बसला. उजवीकडच्यावर फाईल चटकन आली, आणि तौसीफनं चित्र किती साफ दिसतं ते दाखवायला एक कोपरा मोठा केला. पडदाभर झेंडू. एकेक पाकळी अशी, की आत्ताच दव पुसून ठेवलेली.

"काय देखनी फुलं केली व माह्या लेकीनं!" कस्तुराबाई पुढं वाकल्या. "लग्नाचं दिसते."

तौसीफ चित्र सरकवत गेला. फुलांच्या मागून एक खांदा आला. खांद्यावर काळा कोट. कोटाच्या वर गळा, गळ्यावर एक तीळ. मग पांढरी मिशी. मग डोळे.

भगवंतरावांनी ते डोळे ओळखले. रोज सकाळी दाढी करताना आरशात दिसायचे तेच.

तौसीफच्या बोटाखाली चित्र आपोआप लहान झालं आणि सगळा बोर्ड समोर उभा राहिला. वर मोठ्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली 'कै. भगवंतराव'.

दुकानात पंखा फिरत होता. रस्त्यावरून एसटी गेली, तिचा हॉर्न वाजला असणार. भगवंतरावांना तो ऐकू आला नाही. त्यांनी हात पुढं करून टेबलाची कड धरली, कड हाताला लागली, तरी खात्री पटेना. एक क्षण त्यांना खरंच वाटलं, की आपण गेलो आहोत. कधीचेच गेलो, आणि आपल्याला सांगायचं लोक विसरले.

त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "हा कोट कोनाचा?"

कस्तुराबाई प्रौढवर्गात वाचायला शिकलेल्या. त्या बोट लावून खालची ओळ वाचत होत्या. "शो… का… कुल. श्री… म… ती…" बोट थांबलं. गावातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेत त्यांच्या नावामागं 'सौ.' असायचं. 'श्रीमती' कोणाच्या नावामागं लागतं हे त्यांना ठाऊक होतं. "श्रीमती कस्तुराबाई," त्यांनी पुरं वाचलं, आणि तोच हात झटकन गळ्याशी गेला, मंगळसूत्र मुठीत धरून तिथंच राहिला.

"काका, बसा तुमी," तौसीफचा चेहरा उतरला होता. "अल्लाकसम, मले काही मालूम नोतं. पन असं झालं तं उमर वाढते, काका. आमच्या दादीच्या मरनाची बातमी तीनदा उडाली, नव्वद पार केले तिनं."

पायरीवरून रुचिका आत आली. पडद्याकडं पाहिलं आणि फोन कानाला तसाच ठेवून उभी राहिली. फोनमध्ये मालक "हॅलो ताई, हॅलो" करत होता.

"पोट्टे!" कस्तुराबाईंचा आवाज फाटला. "जित्या बापाले हार घातला तू? माह्या जित्या मालकाले?"

"दवाखान्यातलं आहे ते, आई."

भगवंतरावांना दोन वर्षांपूर्वी वांग्याच्या वाफ्यात पान लागलं होतं. त्या सरपटणाऱ्या जनावराचं नाव आपल्याकडं घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. अकोल्याच्या दवाखान्यात पाच दिवस ते काचेच्या आत होते, तोंडात नळी घालून. त्या पाच दिवसांतलं त्यांना काहीच आठवत नाही. वाफ्यातलं पाणी आठवतं, आणि मग एकदम नर्सबाईची निळी टोपी. मधली जागा कोरी. त्या कोऱ्या जागेत काय होतं ते आता पंधरा बाय दहा होऊन समोर उभं होतं.

"तुह्या काकानंच सांगतलं असंन," कस्तुराबाईंना आता राग टाकायला दीर सापडला. "त्याले मेल्याले पयलेपासून भलती घाई. डॉक्टरनं मान हालवली असंन, अन् हा म्हने बोर्ड करून ठेव. बोल न, त्यानंच सांगतलं न?"

रुचिका खाली पाहत राहिली.

"पाहा! सांगतलंच!" कस्तुराबाई म्हणाल्या. "येऊ दे आता त्याले मिरच्या मांगायले. मिरच्याच देतो त्याले, नाकात."

भगवंतराव खुर्चीवर बसले, पण नजर पडद्यावरून हटत नव्हती. भीतीनं पाहत होते ते हळूहळू वाचू लागले. बोर्डांवर असतात तशी छापील ओळ खाली नव्हती. दुसरंच काही होतं.

'दंडानं पानी आलं, वाफा वाट पाहे,
दारं धरनारा बाप आज कुठी राहे.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. चाळीस वर्षं दंडाचं पाणी वाफ्यात घेतलं, चिखलानं पाय फुटले, पण ते कोणी पाहिलं असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पोरगी शाळेत जाताना बांधावरून जायची, दप्तर हलवत. तिनं पाहिलं होतं.

"हे गानं कोनाचं?"

"माहंच," रुचिका पुटपुटली. "कोट इंटरनेटवरचा आहे, बाबा."

"माप बराबर बसलं." ते हसले असं कोणाला वाटलं नसतं, पण ते हसले होते. "आन तारीख काहून टाकली नाई?"

जन्माच्या तारखेपुढं आडवी रेघ होती आणि रेघेपुढं काहीच नव्हतं.

एवढ्यात डावीकडच्या डेस्कटॉपवरही बोर्ड आला, धापा टाकत. आता भगवंतराव दोन होते. डावीकडचे काळवंडलेले, चिखलात पडलेल्या वांग्यासारखे. उजवीकडचे लख्ख, डोळ्यांच्या कडांची सुरकुती नि सुरकुती दिसत होती. भगवंतराव उठले. एकदा या मढ्याजवळ गेले, एकदा त्या. बाजारात दोन टोपल्या पारखाव्यात तसे वाकून, मान तिरपी करून पाहू लागले.

"तौसीफ, उजवा बांध. याच्यात मी मानसासारखा दिसतो."

"अवो, काही तरी बोलू नका!" कस्तुराबाई म्हणाल्या. "त्याच मशीनवर?"

"त्याच. अन् रुचे, जे काम येईन ते घे. लग्नाचं घे, मयतीचं घे. कोनाचाही बाप असो, असा साफ करून दे."

रुचिकाचा चेहरा पाहण्यासारखा व्हायला हवा होता. वर्षभर ती ज्यासाठी झुरत होती ते तिच्या पदरात पडलं होतं, मागितलं त्याहून जास्त. पण तिच्या चेहऱ्यावर उजेड आला नाही.

तौसीफ मागच्या खोलीत खोकं आणायला गेला. कस्तुराबाई ऑटोवाल्याशी घासाघीस करायला बाहेर पडल्या. हात अजून गळ्याशीच होता. दुकानात बाप आणि लेक उरले. भगवंतरावांनी चहाचा पेला जवळ ओढला.

"तुह्या मायले सांगतो मी," ते म्हणाले, "तुह्या काकाले काही बोलू नको म्हनून. आलेल्या वखताले त्यानं सांगतलं, तू केलं. त्यात तुहा काय कसूर?"

"बाबा, तौसीफले थांबवा."

"काहून?"

"खोकं आनू देऊ नका. पयले ऐकून घ्या, मंग घ्यायचं तं घ्या." तिनं टेबलावरचा हात काढून घेतला. "काकानं नाही सांगतलं. मी बोलली नाही अन् आईनं धरून घेतलं. कोनीच नाही सांगतलं."

भगवंतरावांनी तिच्याकडं पाहिलं. पडद्यावर आपलं मढं पाहून जे झालं नव्हतं ते आता झालं. त्यांची नजर खाली गेली.

"डॉक्टर म्हने वाचतीन," रुचिका म्हणाली. आवाज अगदी बारीक, पण एक शब्द गळत नव्हता. "काका म्हने, माह्या भावाले काही होत नाही. आईनं इथं दर्ग्यात चादर चढवायचा नवस बोलला. सगळे रडत होते, मले रडू येईना. मले आत सोडत नोते. मंग मी बाकावर बसून लॅपटॉप उघडला, तुमचा फोटो घेतला अन् मोठा केला. चार तास तुमच्या मिशीचा येकेक केस साफ करत बसली. वाटे, आता येवढेच बाबा राहतीन माह्याजवळ. तो पयलाच दिवस होता, बाबा. सगळ्यायनं तुमाले धरून ठेवलं होतं. माहा हात पयल्याच दिवशी सुटला होता."