माजघरातलं वारूळ

गुरुदासाने सत्यवतीचा हात मोडला तो डिझेलच्या एका तांब्यापायी. होळीच्या आदल्या दिवशी ती माजघराच्या कोपऱ्यात उकिडवी बसून तिथल्या वारुळावर होडीचं डिझेल ओतत होती. तांब्या अर्धा रिकामा झाला असेल नसेल, मागून कमरेत लाथ बसली. ती भिंतीवर आपटली, आणि उठायच्या आत त्याने तिचं मनगट टाचेखाली घेतलं. कट्‌ आवाज झाला. तो तिने ऐकला, त्यानेही ऐकला, तरी मेल्याने पाय काढला नाही. "देवीर तेल वततंस? माझ्या घरात?" असं विचारत उभा राहिला. देवगडच्या डॉक्टरला सांगितलं, विहिरीवर पाय घसरला. मनगट वाकडंच जुळलं.

आता घराच्या माजघरात वारूळ कसं, हे विचाराल. आमच्याकडे वारुळाला रोयण म्हणतात, आणि रोयण म्हणजे सातेरी देवी. तिच्या देवळांत गाभाऱ्यात मूर्ती नसते, वारूळच असतं. त्यापुढे सत्यवतीही हात जोडायची, मनापासून जोडायची. पण रानातली देवी रानात, देवळातली देवळात. माजघराच्या कोपऱ्यात मातीचा गोळा वर आला, तेव्हा तिने झाडू आणि फावडं घेतलं. गुरुदासाने मात्र कुंकू घेतलं.

त्याचं कारण साऱ्या मिठबाव गावाला ठाऊक होतं. गावच्या देवळात पालखीला खांदा द्यायचा मान त्याच्या घराण्याला नव्हता. बाप पायरीखाली उभा राहिला, आजा पायरीखाली उभा राहिला, आणि गुरुदासही पायरीखालीच. त्याला ते जन्मभर डाचत होतं. म्हणून देवी आपल्या पायांनी त्याच्याकडे चालत आली म्हटल्यावर गडी हवेत गेला. समई आणली, फरशी बसवली. बायका ओटी भरायला येऊ लागल्या, पुरुष नारळ घेऊन येऊ लागले. गुरुदास वारुळापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालायचा, आणि शेजारचा बाबली सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या वर आवाज काढून "व्हय म्हाराजा!" म्हणायचा. मग सगळे म्हणायचे. ज्याला कुणी चहा विचारत नव्हतं त्याला लोक वाकून नमस्कार करू लागले. तो मान कोण सोडेल?

पण घर झाडायची सत्यवती. त्यामुळे जे कळायचं ते तिला एकटीला कळलं.

आधी पंख. पावसाळ्याच्या तोंडाला एका संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती किडे घोंघावले आणि सकाळी खिडकीखाली पंखांचा नुसता ढीग. ती झाडून मोकळी झाली. मग वारुळापासून भिंतीवर मातीची एक रेघ चढली, करंगळीएवढी जाड. ती कॅलेंडरमागून वर गेली आणि थेट तुळईला भिडली. सत्यवतीने ती नखाने खरवडली, तर आत पांढरे किडे पळताना दिसले. दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ जशीच्या तशी जोडलेली! पुढे बाळंतिणीच्या खोलीच्या चौकटीवर रंगाला फुगे आले. तिने अंगठा दाबला, तो नखापर्यंत आत गेला. सासऱ्यांचा फोटो पुसायला काढला तर समोर काच धड, आणि मागे फळी नाही, पुठ्ठा नाही, नुसती ओली माती. सासरे मातीत गेलेच होते, आता फोटोही गेला.

आणि ती तुळई! घर बांधताना गुरुदासाने चार पैसे वाचवले आणि परसातला आंबा तोडून माजघरावर आडवा घातला. आंब्याचं लाकूड म्हणजे वाळवीला पंगतीचं जेवण. सत्यवतीने एकदा मुसळ वर करून तुळई ठोकून बघितली. रिकाम्या डब्यासारखी वाजली. तिने जेवताना घाबरत घाबरत विषय काढला. त्याने भरलं ताट तिच्या तोंडावर फेकलं. भुवई फुटली, आमटी आणि रक्त एकत्र पदरावर सांडलं. त्यानंतर ती बोललीच नाही. भिऊन गप्प बसली, खरं तेच सांगायला हवं. आपण एकट्या मरू तर मरू, असं तिने मनाशी धरलं होतं.

मग आकांक्षा, तिची एकुलती एक मुलगी, धामापूरहून पहिल्या बाळंतपणाला आली. मुलगा झाला. गोरा, लांब बोटांचा, भूक लागली की घर डोक्यावर घेणारा. सत्यवतीच्या वाकड्या मनगटावर त्याचं डोकं बरोबर बसायचं. तिला वाटायचं, हे मनगट ह्याच्यासाठीच असं जुळलं. आणि एक दिवस गुरुदास म्हणाला, "बारशाक पाळणो माजघरात बांधूया. तुळयेच्या हुकाक. देवीसमोर."

बारशाच्या आदल्या दिवशी तो बाजारात गेलेला बघून सत्यवती स्टुलावर चढली आणि हुकाच्या बाजूला कोयतीचं टोक लावलं. जोर द्यावाच लागला नाही. पातं मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर ओढलं तेव्हा भुसा आणि किडे तिच्या तोंडावर, केसांत सांडले. ती तशीच मुलीकडे धावली.

"बाय, पाळणो पडवीत बांधूया गो. तुळय पोकळ झाली हा."

आकांक्षाने बाळाला छातीशी धरलं. "आये, पण बाबांका सांगतलो कोण?"

सत्यवती केसांतला भुसा झटकत राहिली.

बारशाच्या दिवशी माजघर माणसांनी भरलं. धामापूरची मंडळी आली, जावई सर्वेश नवा शर्ट घालून मोबाइलवर चित्रण करत होता. बाबली वारुळापाशीच मांडी ठोकून बसला होता. गुरुदासाने स्वतः दोन दोर हुकाला बांधले, पाळणा लटकवला, झेंडूच्या माळा सोडल्या. बायकांनी गाणं धरलं. सत्यवती दारात उभी होती आणि तिला तुळईशिवाय काही दिसत नव्हतं. दोर ताणला की हुकाजवळून भुशाची बारीक धार खाली येत होती, थेट पाळण्यातल्या मऊ दुपट्यावर. आत्या बाळाला घेऊन वाकली.

"नको!"

सत्यवती गर्दीतून घुसली, आत्याच्या हातातून बाळ हिसकलं आणि मागे सरली. गाणं बंद पडलं.

"हय पोराक पाळण्यात घालू नकात," ती म्हणाली. आवाज चिरकत होता. "तुळय पोकळ आसा. माझ्या नातवार पडतली ती!"

गुरुदास हसत हसत पुढे आला. लोकांना दाखवायचं ते हसू. जवळ आल्यावर त्याने तिच्या अंबाड्यात हात घातला आणि मान मागे खेचली. "पावण्यांसमोर माझी लाज काढतंस? दी पोराक!"

"नाय देवचंय."

त्याने थोबाडीत मारली. बाळ तिच्या हातात असताना मारली. पोर किंचाळलं. दुसरा तडाखा तिच्या कानावर बसला, तिसरा तिने पाठ वळवून खांद्यावर घेतला. सर्वेश मध्ये पडला, तर गुरुदासाने त्याच्या नाकावर बुक्की घातली आणि नव्या शर्टावर रक्ताचा ओघळ आला. बायका ओरडत भिंतीला चिकटल्या. सत्यवतीने कसंबसं बाळ आकांक्षाच्या हातात कोंबलं. "भायर जा! खळ्यात जा, मागे बघू नको!"

आकांक्षा अंगणाकडे धावली. पोर उंबऱ्यापलीकडे गेलं आणि सत्यवतीच्या मनातलं भय त्याच्या पाठोपाठ गेलं. काय गेलं ते तिलाच कळलं नाही, पण गेलं. दारामागे माड लावायची लोखंडी पारय, म्हणजे पहार, उभी होती. ती तिने दोन्ही हातांनी उचलली आणि गुरुदासासमोर आडवी धरली.

"माका मारा," ती म्हणाली. "मारून टाका. पण पोर हय झोपाचा नाय."

तो थबकला. पारयीला भिऊन नव्हे, सगळ्या गावाच्या डोळ्यांना. इतकी माणसं, आणि सगळी आता तुळईकडे बघत होती. मातीची ती रेघ, तो भुसा. कुणीतरी हळूच मागे सरकलं. दोन वर्षांत मिळवलेला मान असा डोळ्यांदेखत दाराबाहेर चाललेला बघून त्याचं टाळकं फिरलं. त्याने लाथेने पाळणा दोरांतून उडवला, दोन्ही दोर मुठींना गुंडाळले आणि मान वर करून गाऱ्हाण्याच्या सुरात ओरडला,

"बा देवी सातेरी म्हाराजा! ह्या अवदसेन तुझ्यार आळ घेतल्यान. ह्या तुळयेक जर कीड लागली असात, तर ती आज, आत्ता, ह्याच जाग्यार माझ्या डोक्यार पडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबली गरजला. आणि बाबलीच्या मागे अख्खं माजघर गरजलं.

सवय हो, दुसरं काय! गाऱ्हाणं थांबलं की ते तोंडातून येतंच. आपण काय म्हणून बसलो हे बाबलीला नंतर कळलं आणि त्याने तोंडावर हात दाबला.

गुरुदासाने पाय उचलले. सगळा भार दोरांवर. तुळई करकरली आणि थांबली. तो लोंबकळत राहिला, मग एक झोका घेतला. काही झालं नाही. तो खदाखदा हसला. "बघलंस? बघलंस गो रांडे? आणा पोराक हय!"

सत्यवतीने पारय घट्ट आवळली. आता आणतील, आता माझ्या हातातली पारय काढून घेतील आणि त्याला इथे निजवतील. दोन बाप्ये तिच्याकडे वळलेही. गुरुदासाने विजयाचा आणखी एक झोका घेतला, मोठा.

मोडताना तुळईचा आवाजच झाला नाही म्हणा ना. आत लाकूड होतं कुठे आवाज करायला? मधोमध भुगा झाला, आणि तिच्यावर टेकलेले वासे, रिपा, छपराचे नळे सगळे एकदम खाली आले. धूळ, किंकाळ्या, चेंगराचेंगरी. एका बाईचं डोकं फुटलं. लोक एकमेकांना तुडवत खळ्यात पळाले. धूळ खाली बसली तेव्हा माजघरात आकाश दिसत होतं आणि तुळईचा उरलेला जड तुकडा गुरुदासाच्या दोन्ही मांड्यांवर आडवा पडला होता. एका पायाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. पोकळ लाकडातून वाळवीचे लोंढे त्याच्या पोटावर, छातीवर, गळ्यावर चढत होते आणि त्याचे हात दोरांत अडकल्यामुळे त्याला ते झटकता येत नव्हते.

पाळणा पडला होता त्या जागी एक वासा जमिनीत टोकाने रुतून उभा होता. दुपटं त्याच्याखाली चिरडलेलं होतं. सत्यवतीने ते बघितलं आणि ती मोठ्याने रडली. दुपट्यात काही नव्हतं म्हणून रडली.

"गो, माका काढ," गुरुदास विव्हळला. "सत्या, काढ गो माका."

तिने पारय डोक्यावर उचलली. दारातून बघणारा बाबली "वयनी!" म्हणून ओरडला. त्या घटकेला पारय कुठे उतरणार हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. मोडलेलं मनगट ठणकत होतं. मग तिने ती खाली आणली, टोक तुळईखाली घातलं आणि अंगाचा सगळा भार टाकला.

"व्हय म्हाराजा म्हणाक पुढे होतास," ती बाबलीवर खेकसली. "आता हात लाव!"

बाबली आला, नाकातून रक्त गाळत सर्वेश आला. तिघांनी मिळून त्याला ओढून बाहेर काढलं आणि पडवीत चटईवर ठेवलं. कुणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. सत्यवतीने आपल्या पदराने त्याच्या तोंडावरचे किडे पुसले, नाकातले, पापण्यांवरचे. बायको म्हणून जेवढं करायचं तेवढं केलं. मग तिने पारय उचलली आणि परत माजघराकडे वळली.

वारूळ तसंच होतं. छप्पर पडलं तरी त्याला खरचटलंही नव्हतं. तिने त्यावरची फुलं काढून बाजूला ठेवली, समई उचलून चुलीपाशी नेली, हात जोडले. "आये, तुझा रान मोठा आसा. थंय जा," म्हणाली.

पडवीतून गुरुदासाला ते दिसलं. दोन्ही पाय लगदा झालेले, तोंड पांढरंफटक, तरी ओरडला, "देवीक हात लावलंस तर मारून टाकतलंय! ऐकलंस? जीव घेतलंय तुझो!"

सत्यवती वळली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"आधी उठान दाखय," ती म्हणाली, "मगे मार."

खळ्यात तिचा नातू भुकेने रडायला लागला होता. त्याचं रडणं ऐकत तिने पारय उगारली आणि वाकड्या मनगटाने वारुळावर पहिला घाव घातला.