केसरबाईंचा मचवा

“पन त्या मचव्यात बाईमानसाची सोय कशी करता?” केसरबाईंनी विचारलं.

विहिरीवरच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसलेला फिटर क्षणभर थांबला. माणूस मूळचा मालवणचा; मलकापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला आणि सुटीच्या दिवशी आसपासच्या गावांतून इंजिनं दुरुस्त करत फिरणारा. त्यानं हात चिंधीला पुसले आणि वर न बघताच सांगितलं, “मागच्या अंगाला ताडपत्रीचा आडोसा करतात, बाई. माझी आई जायची, मावश्या जायच्या. आणि संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या बेटाला लागतोच आपण.”

“अन् झोपाले?”

“फळ्यांवर चटई टाकायची. वर शीड, खाली पाणी.”

केसरबाई उठल्या, विहिरीच्या काठाशी गेल्या, परत आल्या. हल्ली त्यांचं असंच चाललं होतं. शेषराव गेले त्याला सव्वा वर्ष झालं होतं. धामणगाव बढे गावातली मोठी शेती, भरलं घर, कर्ता मुलगा अर्जुनराव, सून कोकिळा. कशाला काही कमी नव्हतं. पण केसरबाईंचा पाय एका जागी ठरत नव्हता. निवडायला घेतलेली डाळ अर्धी टाकून त्या माडीवर जायच्या, माडीवरून मागच्या दारी, मागच्या दारातून मळ्यात. शेषराव होते तेव्हा नागपूर, मुंबई करायचे, आणि केसरबाई त्यांची वाट बघायच्या. आता वाट बघायलाही कोणी नव्हतं.

महिन्याभरापूर्वी इंजिन पहिल्यांदा बिघडलं तेव्हा हा फिटर आला होता. काम करता करता तो सहज सांगत बसला. त्याच्या मामाचा मचवा आहे, शिडाची होडी. लहानपणी माघात, वारा बेताचा असला की, सगळं घर त्यात बसून बेटाबेटांनी आठ-आठ दिवस फिरायचं. होडीतच भात शिजवायचा.

“अन् तिथं धुरा कोनाचा?” केसरबाईंनी विचारलं होतं. सासरी आल्यापासून त्यांनी दोन शेतांमधल्या त्या वीतभर बांधावरून भाऊबंदांची डोकी फुटलेली पाहिली होती.

फिटर हसला होता. “समुद्राला कसला धुरा, बाई?”

त्या संध्याकाळी केसरबाई जेवल्या नाहीत. भूक नव्हती असं नाही. पानावर बसवेना, एवढंच. आज इंजिन पुन्हा बंद पडलं तेव्हा घरात फक्त त्यांनाच बरं वाटलं. फिटर माघात बायकोमुलांना घेऊन गावी जाणार होता. “मामाला सांगून ठेवतो,” तो म्हणाला. “आठ दिवस मचवा तुमचा.”

ही गोष्ट त्यांनी प्रथम चांदबीला सांगितली. चांदबी म्हणजे गावची बांगडीवाली. केसरबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या हातात पहिला चुडा चांदबीनं भरला होता. दोघी तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या. शेषरावांच्या दहाव्याला बायकांनी केसरबाईंच्या बांगड्या फोडल्या, तेव्हा चांदबी अंगणाबाहेर भिंतीला टेकून उभी होती. त्यानंतर केसरबाईंकडे यायचं तिला काही कारण उरलं नव्हतं. तरी दर शुक्रवारी ती यायची, बांगड्यांची टोपली फाटकाबाहेर ठेवून आत यायची आणि घटकाभर बसायची.

“मले पोहता येत नाई,” सगळं ऐकून चांदबी म्हणाली.

“मले तरी कुठं येते?”

“मंग दोघी संगच बुडू.” आणि ती पदर तोंडाला लावून अशी हसली की स्वयंपाकघरातून कोकिळा डोकावली.

मग दर शुक्रवारी तोच विषय. मलकापूरहून रेल्वे, मुंबईहून आगबोट, मालवणला मचवा. चांदबीला पाण्याची काळजी. “इतक्या पान्यात प्याचं पानी घरून न्याचं म्हन्ता? कमाल हाय बाप्पा!” केसरबाईंना भाताची. “आठ दिवस भात. मले त भातानं झोप येते.”

“मंग झोपा न. कोन उठवते तुमाले तिथं?”

आपल्याला कोणी उठवणार नाही, असा एकही दिवस केसरबाईंना आठवेना.

अर्जुनराव वाईट मुलगा नव्हता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “माय, काशीले जा न. मी सोबत येतो. समुद्रात काय हाय?”

“काशीले सारेच जातात.”

“म्हनून त म्हनतो.”

दीर नारायणराव दुसऱ्या दिवशी आले. ते पंचायत समितीवर निवडून आले होते. नवं राज्य, नव्या समित्या, आणि नारायणरावांचा आवाजही नवा झाला होता. त्या दिवशी मात्र त्यांनी फक्त सुपारी कातरली, ऐकलं आणि ते उठून गेले. आठवड्यानं परत आले ते हसतच.

“वहिनी, जमवलं म्या. सारेच जाऊ. आपलं घर, अर्जुन, मोताळ्याचे भटजी. इंजिनाची मोठी बोट पाहाची. दादाच्या नावानं समुद्रात पिंड देऊ. म्हंजे लोकाले बी बोलाले जागा नाई.”

केसरबाई उभ्याच होत्या. “अन् चांदबी?”

“ते कायले? पिंडाले तिचं काय काम?”

“पिंड झाले, भाऊजी. नाशिकले तुमीच देल्ले. मी पिंडाले नाई जाऊन राह्यली.”

“मंग कायले जाता?”

“पाहाले.”

“काय पाहाले?”

“ते गेल्यावर समजन.”

नारायणरावांचं हसू गेलं. “वहिनी, समितीत मले चार लोकाइत बसा लागते. नवरा जाऊन धड दोन वर्षं नाई झाले, अन् बाई बांगडीवालीले घेऊन समुद्राची हवा खाले चालली, असं म्हन्तीन. दादाचं नाव हाय या घराले.”

“माहं बी हाय एक नाव,” केसरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हळू होता की नारायणरावांना तो ऐकू गेला की नाही, कळलं नाही.

त्या शुक्रवारी चांदबी आली नाही. पुढच्याही नाही. मग केसरबाई स्वतःच निघाल्या. भर दुपारी, पायी, चावडीवरून. इतक्या वर्षांत त्या चांदबीच्या घरी कधी गेल्या नव्हत्या, तीच यायची. दारात त्यांना पाहून चांदबी गडबडली, बाजेवरची गोधडी झटकू लागली.

“काऊन नाई आली?”

चांदबी गोधडी झटकतच राहिली. “माह्या नवऱ्याले, कादरले, तुमच्या भाऊजींनी चावडीसमोर थांबवलं. वाकडं काई बोलले नाई. फक्त पुसलं, बायको कुठं चालली म्हने रे?” तिनं गोधडी खाली ठेवली. “कादर त्या दिवशी बाजाराले नाई गेला. केसरबाई, आमाले याच गावात घरोघर बायाइचे हात धरा लागतात.”

केसरबाई बाजेवर बसल्या. लगेच उठल्या.

“मंग मी बी नाई जात.”

“असं नका करू.” चांदबीनं त्यांचं मनगट धरलं. बांगडी चढवताना धरायची तसंच, अंगठ्यानं हाड चाचपत. “तुमी बी राह्यल्या त मी दोनदा मांगं राह्यली.”

केसरबाईंनी हात सोडवून घेतला नाही.

माघ लागला. निघायच्या दिवशी गावचा बाजार होता. अर्जुनराव सकाळीच शेतावर निघून गेला. गाडी जुंपायला घरात कोणी पुढे होईना. केसरबाईंनी वळकटी काखेत मारली, तशी कोकिळानं त्यांची पत्र्याची पेटी उचलून डोक्यावर घेतली. मोठ्या घरची सून डोक्यावर पेटी घेऊन भरल्या बाजारातून चालली, तशी माणसं बाजूला होत गेली. भाजीवाल्या बायकांनी तराजू खाली ठेवले. कुणी हसलं, कुणी ‘कुठं चालल्या, केसरबाई?’ असंही विचारलं. “समुद्रावर,” केसरबाई प्रत्येकाला सांगत गेल्या.

एसटी सुटेपर्यंत कोकिळा खिडकीखाली उभी राहिली. एवढंच म्हणाली, “तिकडं मासोळीचा वास येते म्हन्तात. नाकाले पदर लावजा.”

बाजाराच्या पलीकडच्या टोकाला चांदबी टोपली घेऊन बसली होती. एका पोरीच्या हातात बांगड्या भरत होती. एसटी समोरून गेली तेव्हा तिनं मान वर केली नाही. पण तिचे हात थांबले, आणि पोरीचा हात तसाच तिच्या हातात राहिला. केसरबाईंनी ते वळून वळून पाहिलं, वळणाआड सगळं जाईपर्यंत.

फिटरच्या कुटुंबासोबत केसरबाई मालवणला पोचल्या, पण मचव्यात चढल्या त्या एकट्याच. पहिले दोन दिवस त्या नुसत्या आडव्या पडून होत्या. पोटात काही ठरेना. फिटरचा मामा म्हातारा, काळासावळा, कमी बोलणारा. तो तासातासाला लिंबाची फोड पुढे करायचा आणि परत सुकाणूपाशी जाऊन बसायचा. इतके दिवस हा पाय जमिनीवर ठरत नव्हता, आणि आता खालची जमीनच गेली, असं केसरबाईंच्या मनात यायचं. दुसऱ्या संध्याकाळी एका बेटाच्या वाळूवर उतरून त्या रडल्या. मोठ्यानं, मन भरेपर्यंत. खलाशी पाठ करून जाळं सोडवत राहिले.

तिसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा ऊन वर आलं होतं. त्यांना कोणी उठवलं नव्हतं. पोट शांत होतं, भूक लागली होती. त्या शिडाच्या सावलीत बसल्या आणि पहिल्यांदाच नीट बघू लागल्या. जवळ, लांब, काळे, हिरवे, बसल्या गुरांसारखे दगड पाण्यात पसरले होते. कुठं माड होते, कुठं नुसता फेस. “हे पाह्य, ते पाह्य,” असं त्या बोलून गेल्या आणि शेजारी पाहिलं. शेजारी वळकटी होती.

त्यांनी वळकटी जरा जवळ ओढली.

“खंय घेऊ, बाये?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“काय?”

“कुठं नेऊ म्हणतो. आज वारो बरो आसा. सांगशात थंय जाऊ.”

केसरबाईंना प्रश्न कळला होता. पण हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता. त्या उठल्या, डोलकाठीला धरून उभ्या राहिल्या, सगळीकडे नजर फिरवली. मग अगदी दूरच्या, एकट्या दिसणाऱ्या एका दगडाकडे त्यांनी बोट केलं.

म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. “थंय काय नाय, बाये. देऊळ नाय, पाणी नाय. नुसती पाखरां.”

“मंग तिकडंच घ्या,” केसरबाई म्हणाल्या.

खलाशांनी दोर ओढला. शीड फडफडलं, कुरकुरत दुसऱ्या अंगाला गेलं, आणि इतका वेळ अंगावर असलेली सावली त्यांच्यावरून सरकली. लख्ख ऊन तोंडावर आलं, वाऱ्यानं डोक्यावरचा पदर खांद्यावर उतरला. केसरबाईंचा हात सवयीनं पदराकडे गेला आणि मध्येच थांबला. त्या तशाच, उघड्या डोक्यानं, वाऱ्यात उभ्या राहिल्या.