ओसरीवरच्या बयाबाई

आदेशने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, जेवणाच्या सुट्टीचा बहाणा केला आणि 'ओसरी' या संकेतस्थळावर स्वतःच्याच ब्लॉगची तारीफ लिहायला घेतली. आपल्या नावाने आपलीच तारीफ करणं बरं दिसत नाही, म्हणून त्याने नवा सदस्य नोंदवायला घेतला. नावाच्या चौकटीत कर्सर लुकलुकत राहिला. ऐन वेळी दुसरं काही सुचेना, तेव्हा त्याने आईचंच नाव टाकलं. बयाबाई, ओतूर.

'ह्या पोराचं लिवणं म्या वाचलं. लई झ्याक लिवतंय. समद्यांनी वाचा.' एवढं लिहून त्याने खाली, गावच्या मांडवी नदीवरून नाव दिलेल्या 'मांडवीकाठचे दिवस' या आपल्या ब्लॉगची लिंक चिकटवली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन डबा उघडला.

ते २००८ साल होतं. ओतूरच्या एसटी स्टँडसमोर आदेशचं लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करून देण्याचं दुकान होतं. वीज असेल तेव्हा इंटरनेटही असायचं. गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात तो ब्लॉग लिहायचा, तोही शब्द निवडून, खोडून, पुन्हा लिहून. पानाच्या तळाशी वाचकांचा आकडा होता. तो हलला की आदेश हरखायचा आणि मग त्याच्या लक्षात यायचं, की मघाशी पान आपणच उघडलं होतं. आपलं लिहिलेलं कुणी वाचावं आणि त्यावर काहीतरी बोलावं, बरं नाही तर वाईट, एवढीच त्याची भूक होती. पण तिने त्याला पुरतं धरलं होतं.

ओसरीवर जगभरचे मराठी लोक गप्पा मारत. तिथे त्याने आधी आपल्या नावानेही लिंक टाकून पाहिली होती. तिथली संपादक, पुण्याची प्राची, हिने ती तासाभरात उडवली आणि निरोप ठेवला, की इथे आधी चार घटका बसा, बोला, मग आपल्या घरी बोलवा. सोबत नियमही कळवले होते. ब्लॉगची जाहिरात नको. एका माणसाने एकच नाव घ्यायचं, दोन सापडली तर दोन्ही बंद.

म्हणून तर बयाबाई. पण संध्याकाळी त्याने पाहिलं तर लिंककडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. लोक बयाबाईंवरच खूश होते. या बसा, कुठल्या तुम्ही, काय गोड बोलता. आणि साक्षी नावाच्या एका मुलीने परदेशातून विचारलं होतं, की माझं बाळ दोन महिन्यांचं आहे, रोज तिन्हीसांजेला रडतं, डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, मी काय करू?

आदेशला लग्नपत्रिकेतले सतरा प्रकारचे गणपती ठाऊक होते, बाळाचं काही ठाऊक नव्हतं. मळ्यातल्या घरी, वडील म्हणजे आण्णा वारल्यापासून, तो आणि आई अशी दोनच माणसं. जेवताना त्याने आईला सांगितलं, की इंटरनेटवर एक बाई असं असं विचारते आहे.

आई तव्यावरची भाकरी उलटायची थांबली. उत्तर देण्याआधी समोरच्याची पुरती विचारपूस करायची, ही तिची खोड होती. तिला कुणी रस्ता विचारला तरी ती आधी तो कुणाकडे, कशाला चालला आहे ते विचारायची आणि मगच हात दाखवायची.

"लेकरू रडतं ते राहू दे," ती म्हणाली. "ती जेवली का, ते इचार. घरात दुसरं कोन हाये तिच्यापाशी?"

दुसऱ्या दिवशी आदेशने शब्दही न बदलता तेच टाकलं. आणि परदेशातून हे एवढं मोठं उत्तर आलं. साक्षीने लिहिलं होतं, की बाळाचं सगळेच विचारतात, मला जेवलीस का हे आज पहिल्यांदाच कुणी विचारलं, आणि मी खरंच जेवले नव्हते.

तिथून पुढे बयाबाईंचा जम बसला. कुणाला नाचणीचे पापड जमत नव्हते, कुणाचं सासूशी बिनसलं होतं, कुणी म्हातारा माणूस नुसताच उगाच बोलायला यायचा. आदेश ते सगळं रात्रीच्या जेवणाला घरी न्यायचा आणि सकाळी आईचे प्रश्न दुकानात आणायचा. आईला भारी उत्सुकता. आज कोन काय म्हनलं, त्या पोरीनं जेवनाची येळ धरली का, त्या बाबाला सून इचारती का. आपल्या नावाने हे चाललं आहे, याचा मात्र तिला पत्ता नव्हता. तिला वाटायचं, पोरगं आपल्या मनाने लोकांची चौकशी करतंय, आणि त्याचा तिला अभिमान होता.

आदेश प्रत्येक उत्तराच्या शेवटी लिंक टाकायला विसरत नव्हता. 'त्या आदेशचं बी वाचा.' बयाबाईंचा मान राखून प्राची ती उडवत नव्हती, आणि लोक ती सभ्यपणे ओलांडून जायचे. आकडा जिथल्या तिथे. एकदा कुणीतरी लिहिलं, 'बयाबाई, त्या मुलाचं राहू द्या, तुम्हीच ब्लॉग का लिहीत नाही?' त्या दिवशी आदेशला डबा गोड लागला नाही. आपल्या आईचा हेवा वाटतो आहे, हे स्वतःशी कबूल करायला त्याला बरेच दिवस लागले.

डिसेंबरात ओसरीच्या मंडळींनी नाणेघाटाची सहल ठरवली. साक्षीही तेव्हा बाळाला घेऊन पुण्यात आलेली असणार होती. परतताना ओतूरला येऊन बयाबाईंना भेटलं तर चालेल का, असं प्राचीने विचारलं. ते लोक आपल्याकडे येऊ म्हणतात, एवढं आदेशने सवयीने घरी सांगितलं आणि आई म्हणाली, "या म्हनावं. ह्यात काय इचारायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात सावळेराम, नेहमीचं गिऱ्हाईक, वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी डोक्यावर उभा होता. उरक राव, उरक, असा त्याचा घोशा चाललेला. आदेशने एका डोळ्याने फ्लेक्स बघत रोजच्यासारखं आईचं बोलणं जसंच्या तसं ओसरीवर टाकलं. पत्ताही टाकला. सावळेराम गेल्यावर त्याने पडद्याकडे पाहिलं आणि त्याची पाचावर धारण बसली. खाली आनंदाने उड्या मारणारी उत्तरं होती. येतोच आहोत म्हणून.

आता नाही कसं म्हणणार? बयाबाई आजारी आहेत असं लिहायला त्याची बोटं धजेनात. आईला खरं सांगावं म्हणून तो दोनदा मळ्यात तिच्या मागे मागे फिरला आणि दोन्ही वेळा तिने त्याच्या हातात खुरपं दिलं.

रविवारी दुपारी गाडी मळ्यात आली. प्राची, साक्षी, तिचं बाळ आणि आणखी तिघे-चौघे. आदेश गोठ्याच्या कुडाशी उभा राहिला, पळायला वाट शोधत असल्यासारखा. आईने मात्र एकेकाला अचूक ओळखलं.

"तू साक्षी," ती म्हणाली. "जेवून आलीस का तशीच?"

साक्षी हसायला लागली आणि मग हसता हसता रडायला लागली. आईने बाळ उचलून मांडीवर घेतलं. पापडवाल्या बाईला तिने पीठ किती भिजवतेस ते विचारलं, एकट्या बाबांना सुनेचं विचारलं. कुणाला वाटावं, ही माणसं वर्षानुवर्षं याच अंगणात येत आहेत. आदेश बघत राहिला. त्याला वाटत होतं आपण एक खोटी बाई उभी केली आहे, आणि इथे तर ती बाई पुरी खरी बसली होती. खोटी होती ती फक्त एक ओळ.

नेमकं त्याच ओळीवर प्राचीने बोट ठेवलं. तिने कौतुकानेच विचारलं, "मावशी, तुम्ही आदेशच्या लिखाणाची एवढी शिफारस करता. त्यातलं तुम्हाला सगळ्यात काय आवडलं?"

आईने प्राचीकडे पाहिलं. मग आदेशकडे पाहिलं. रागाने नाही, बाजारात नवी भाजी दिसल्यावर बघावं तसं.

"मला कुटं वाचून दाखवलंय त्यानं," ती म्हणाली.

आदेशला वाटलं, आता जमीन दुभंगेल तर बरं. प्राचीने हातातल्या कपात बघितलं आणि म्हणाली, की अजून अर्धा कप चहा मिळेल का. बोलणं पुन्हा सुरू झालं.

गाडीत बसताना ती आदेशपाशी थांबली.

"एका माणसाने एकच नाव घ्यायचं, असा नियम आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही तर दोघं आहात. तेवढी लिंक मात्र त्यांच्या तोंडी घालू नका."

त्या रात्री आईने काही विचारलं नाही, आणि विचारणारी बाई गप्प राहिली की घर खायला उठतं. बाजाराच्या दिवशी मात्र ती पिशव्या घेऊन सरळ दुकानात आली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, "वाच."

आदेशने ब्लॉग उघडला. त्यातल्या त्यात बरा म्हणून 'मांडवीकाठची सायंकाळ' हा लेख निवडला आणि वाचू लागला. अस्ताला निघालेलं बिंब, पाण्यावर सांडलेलं सोनं, घरट्याकडे परतणारे पक्षी. आपलाच आवाज त्याला परका वाटत होता. एवढ्यात सावळेराम आला आणि उरक राव म्हणत काउंटरला टेकला.

"थांब," आई म्हणाली. आदेशला वाटलं, झालं. "हे कवाचं रं? आपल्या खालच्या डोहावरचं का?"

"हो."

"तू एकलाच व्हता?"

आदेश पडद्याकडे बघत राहिला. सगळ्या लेखात माणूस म्हणून एकही नव्हता.

"न्हाई," तो म्हणाला. "आण्णा होते. बैल धूत होते."

"मंग ते कुटं गेलं ह्यातनं?"

आई वाट बघत बसली, तिला कसलीच घाई नव्हती. शेवटी त्याने पडद्याकडे पाठ केली आणि तोंडानेच सांगायला लागला. नवा बैल होता, पाण्याला बुजायचा, आण्णा आधी स्वतः गळ्याइतक्या पाण्यात उतरले आणि तिथून त्याला नावाने हाका मारत राहिले.

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला आणि आदेश थांबला. फ्लेक्सची आठवण होऊन त्याने माऊसकडे हात नेला.

"फ्लेक्स राहू दे," सावळेराम म्हणाला. त्याने स्टूल ओढून घेतलं होतं. "उतरला का मंग त्यो बैल?"